ट्रिप्टोफॅन किती खाता ते सोडा, ते जाते कुठं ते बघा

केळं खा, रात्री झोपताना कोमट दूध घ्या, मूठभर अक्रोड खा, त्यात ट्रिप्टोफॅन असते, त्याचं सेरोटोनिन बनते, सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं हार्मोन, झालं, मूड मस्त आणि झोप फर्स्टक्लास. हा फॉरवर्ड तुम्हाला आला नसेल तर तुम्ही बहुतेक कोणत्याच फॅमिली ग्रुपमध्ये नाही. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर चुकीचं पण नाही, घोळ आहे तो जोडणीत, कारण तोंडात टाकलेलं ट्रिप्टोफॅन डोक्यात सेरोटोनिन होईपर्यंत मधे इतक्या भानगडी आहेत का विचारू नका, आणि खरं सांगू का, बहुतेक ट्रिप्टोफॅन त्या बाजूला जातच नाही.

आधी हे आहे काय ते बघू. प्रोटीन ज्या २० अमिनो ॲसिडपासून बनते त्यातलं हे एक, आणि आपलं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, म्हणून खाण्यातूनच यावं लागते. १९०१ साली इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि कोल या दोघांनी दुधातल्या केसिनपासून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, याच हॉपकिन्सला पुढं १९२९ मध्ये व्हिटॅमिनच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. गरज म्हणाल तर मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. आता दिवसाला ५०-६० ग्रॅम प्रोटीन पोटात जात असेल, वरण, दही, बेसन, अंडी, सावजीचं मटण, काही का असेना, तर ५०० मिलिग्रॅमच्या वर ट्रिप्टोफॅन आरामात होते. एका अंड्यात ८० मिलिग्रॅमच्या जवळपास, सोयाबीनमध्ये तर भरपूर, आणि आपल्या विदर्भात सोयाबीनला काय तोटा. म्हणजे पोटभर आणि वेगवेगळं खाणाऱ्या माणसाला ट्रिप्टोफॅन कमी पडलं असं सहसा होत नाही. मग भांडण कशाचं आहे? भांडण आहे वाटणीचं.

शरीराचं नवीन प्रोटीन बांधायला जे लागते ते बाजूला काढा, उरलेल्या ट्रिप्टोफॅनची जी मोडतोड होते त्यातलं जवळपास ९५ टक्के एकाच वाटेनं जाते, तिचं नाव कायन्युरेनिन मार्ग. सेरोटोनिनकडे जाते ते कसंबसं एक-दोन टक्के. नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटात संत्र्याच्या शंभर पेट्या आल्या, त्यातल्या पंच्याण्णव ट्रकमध्ये भरून बाहेर गेल्या आणि एक-दोन पेट्यांची संत्रा बर्फी झाली, तर बाहेरगावचा पाहुणा बोलणार फक्त बर्फीबद्दल, तसंच चालू आहे हे. बर्फी चांगलीच आहे, वाद नाही, पण मार्केट कसं चालते ते बर्फीवरून कळत नाही.

तरी आधी सेरोटोनिनचंच संपवून टाकतो, नाहीतर लोक पुढचं वाचणार नाहीत. शरीरातलं ९० टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात बनते. तिथं त्याचं काम आतड्याची हालचाल चालवायची, थोडं रक्तातल्या प्लेटलेट उचलून घेतात आणि जखम झाली की रक्त थांबवायला वापरतात. हे सेरोटोनिन मेंदूत जात नाही, मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची गाळणी त्याला आत सोडत नाही. त्यामुळं केळ्यात सेरोटोनिन असते हे खरं असलं तरी ते केळं मेंदूच्या काही कामाचं नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो, त्याच्यासाठी ट्रिप्टोफॅन आत यावं लागते, आणि ते ज्या दारातून येते त्याच दारातून ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलॲलनिन ही बाकी मंडळी पण येतात, आणि दारात जागा मर्यादित. आता रात्रीचं दूध घ्या. २०० मिलीच्या ग्लासात ८० मिलिग्रॅमच्या आसपास ट्रिप्टोफॅन, आणि त्याच ग्लासात एकटं ल्युसिनच त्याच्या सात-आठपट. म्हणजे प्रोटीनवालं काही खाल्लं की रक्तात ट्रिप्टोफॅन वाढते खरं, पण दारातली गर्दी त्याहून जास्त वाढते, मेंदूला मिळायचं ते उलट कमी पण होऊ शकते. गंमत म्हणजे प्रोटीन नसलेलं काही गोड, नुसतं पिठाचं-साखरेचं खाल्लं तर इन्सुलिन वाढते, इन्सुलिन बाकीच्या अमिनो ॲसिडना स्नायूंमध्ये ओढून घेते, ट्रिप्टोफॅन बरंचसं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला चिकटून रक्तातच राहते, आणि दार त्याला मोकळं मिळते. फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन या संशोधकांनी हे १९७१ च्या सुमारास उंदरांमध्ये दाखवलं. पण त्या जेवणात थोडंसं जरी प्रोटीन आलं की हा इफेक्ट गायब, आणि आपण काही रोज नुसती साखर खात नाही. दूध पिऊन झोप लागते का, तर लागते बऱ्याच जणांना, पोटाला बरं वाटते, लहानपणापासूनची सवय असते, प्या खुशाल, फक्त त्याचं श्रेय ट्रिप्टोफॅनला देऊ नका.

मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत याच सेरोटोनिनचं रात्री दोन पायऱ्यांत मेलाटोनिन होते, झोपेचा टायमिंग सांगणारं हार्मोन. त्याला अंधार लागतो. रात्री साडेबारापर्यंत डोळ्यासमोर मोबाइल धरून वरून ट्रिप्टोफॅनची गोळी घेणाऱ्याला काय सांगणार बाप्पा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं एक प्रश्न ठरलेला येतो, की मूड डाउन राहते तर सेरोटोनिनची ब्लड टेस्ट करून द्या ना. टेस्ट होते, पण रक्तातलं सेरोटोनिन म्हणजे आतड्यातून आलेलं आणि प्लेटलेटमध्ये बसलेलं सेरोटोनिन, त्यावरून डोक्यात काय चालू आहे ते कळत नाही. तुमचे पैसे वाया. ही टेस्ट आणि तिच्यापेक्षा जास्त चालणारी २४ तासांच्या लघवीची ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडल्यावर जे उरते ते) ही टेस्ट खरी कामाची आहे ती कार्सिनॉइड नावाच्या ट्यूमरसाठी. हा ट्यूमर बहुतेक आतड्यात किंवा फुप्फुसात होतो, आणि सेरोटोनिनचा कारखानाच काढून बसतो. चेहरा एकदम लालबुंद होणं, जुलाब, धाप, नंतर हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब. आणि बघा, जिथं एक-दोन टक्के ट्रिप्टोफॅन जायचं तिथं या पेशंटमध्ये अर्ध्याच्या वर जाऊ शकते, मग दुसऱ्या बाजूला इतकी टंचाई होते की माणूस चांगला खात-पीत असूनही त्याला पेलाग्रा नावाचा आजार होऊ शकतो. ज्यांना ही लघवीची टेस्ट सांगितली आहे त्यांनी दोन-तीन दिवस आधीपासून केळी, अननस, टमाटर, अक्रोड आणि वांगी बंद ठेवा, नाहीतर आकडा उगाच वर जातो आणि घरचे सगळे घाबरतात. भरल्या वांग्याशिवाय दोन दिवस निघतात, निघत नाही असं नाही.

आता पेलाग्रा. हा आजार आज लोकांना माहीत नाही, पण ट्रिप्टोफॅनची सगळी गोष्ट समजायची असेल तर यासारखा मास्तर नाही. कायन्युरेनिनच्या मोठ्या वाटेच्या शेवटी शरीर नायसिन म्हणजे व्हिटॅमिन बी-३ च्या जागी चालणारा माल आणि त्यातून एनएडी बनवते, आणि एनएडीशिवाय पेशीत एनर्जीचं कामच चालत नाही. भाव मात्र महाग आहे, साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन मोडावं तेव्हा १ मिलिग्रॅम नायसिन हाती येते. माणसाला दिवसाला १४ ते १६ मिलिग्रॅम नायसिन लागते, थोडं सरळ अन्नातून येते, बाकीचं असं घरी बनवलेलं. दोन्ही बाजूनं आटलं की पेलाग्रा होतो. उन्हाला उघड्या राहणाऱ्या चामडीवर काळे, खरखरीत चट्टे पडतात, गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखे, जुलाब लागतात, मग डोकं भ्रमिष्ट होते, आणि उपचार नाही झाला तर माणूस जातो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आजारानं हजारो गरीब लोक मेले, कारण त्यांचं मुख्य खाणं मका. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि जे नायसिन आहे ते असं बांधलेलं की पचत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले आहेत, त्यानं नायसिन सुटं होते, त्यांना त्रास नव्हता, पण मका जगभर गेला आणि चुना मागंच राहिला. तेव्हा डॉक्टर लोक म्हणत होते हा जंतूंचा आजार आहे. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरनं १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांना, सुटकेच्या बोलीवर, मक्याच्या निकस जेवणावर ठेवून पेलाग्रा करून दाखवला. आज कोणी असा प्रयोग करायला निघाला तर त्यालाच आत टाकतील. वरून स्वतःला आणि बायकोला पेशंटचं रक्त टोचून घेतलं, काही झालं नाही. नायसिनचा शोध १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेमनं लावला आणि ट्रिप्टोफॅननं नायसिनची जागा भरून निघते हे १९४५ मध्ये कळलं.

हे झालं मक्याचं. आपल्यासाठी खरी गोष्ट ज्वारीची आहे. हैदराबादच्या पोषण संस्थेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांना दिसलं की दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा होऊन राहिला आहे, आणि ज्वारीत तर मक्याइतकं कमी ट्रिप्टोफॅन नाही. मग का? १९६० मध्ये त्यांनी लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन फार जास्त आहे आणि ते जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनायच्या कामात बिघाड करते. म्हणजे ट्रिप्टोफॅन ताटात आहे, पोटात पण गेलं, पण वाटेतच अडलं. पुढं दुसऱ्या ठिकाणच्या संशोधकांना प्रत्येक वेळी हाच निकाल मिळाला नाही, त्यामुळं ल्युसिनची थिअरी आजही वादातच आहे, पण मला हे काम फार आवडते, कारण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या राज्यात बसून, आपल्याच भाकरीबद्दल त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. आता ज्वारीची भाकर बंद करायची का? अजिबात नाही. त्या मजुरांच्या ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काही नव्हतं. भाकरीसोबत झुणका असला, वरण असलं, वाटीभर दही असलं की प्रोटीन आणि नायसिन दोन्ही वाढते आणि विषय मिटतो. झुणका-भाकर ही काही उगाच जोडी नाही.

आजच्या काळात पेलाग्रा दिसतो तो मुख्यतः खूप दारू पिणाऱ्यांमध्ये, जे जेवत नाहीत आणि जे जेवतात तेही नीट शोषलं जात नाही. आणि क्वचित टीबीच्या पेशंटमध्ये. टीबीचं आयसोनियाझिड हे औषध व्हिटॅमिन बी-६ ला पकडून बाद करते, आणि ट्रिप्टोफॅनचं नायसिन करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला बी-६ लागते, ते नसलं की मोठी वाट मधेच बंद. टीबीच्या गोळ्यांसोबत बी-६ ची, म्हणजे पायरिडॉक्सिनची गोळी देतात ती हातापायाच्या नसांसाठी म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे, पण तिचं हे पण एक काम आहे. ती फालतू ताकदीची गोळी समजून सोडू नका. जन्मजात दोषातूनही असंच होऊ शकते, हार्टनप नावाचा आजार आहे, १९५६ मध्ये लंडनच्या एका कुटुंबात सापडला आणि त्यांचंच नाव त्याला पडलं, त्यात आतडं आणि किडनी ट्रिप्टोफॅन पकडूच शकत नाहीत. पण चांगलं प्रोटीन खाणाऱ्या बऱ्याच हार्टनपवाल्यांना आयुष्यभर काही होत नाही.

आता या मोठ्या वाटेच्या तोंडाशी कोण उभं असते ते बघा, कारण आजारपणात सगळा खेळ तिथं होतो. लिव्हरमध्ये टीडीओ नावाचं एन्झाइम आहे, ते रोजचं काम करते, जेवणातून ट्रिप्टोफॅन जास्त आलं की जास्त मोडते, आणि कॉर्टिसॉल म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन वाढलं तरी जास्त मोडते. दुसरं आयडीओ, ते लिव्हरच्या बाहेर, रोगप्रतिकारक पेशींमध्ये वगैरे, एरवी बऱ्यापैकी झोपलेलं असते. इन्फेक्शन झालं, इंटरफेरॉन गॅमा नावाचा सिग्नल सुटला की ते खडबडून जागं होते आणि आसपासचं ट्रिप्टोफॅन मोडून टाकते. असं का करते? एक कारण, जंतूची उपासमार. टॉक्सोप्लाझ्मा, क्लॅमिडिया असे जंतू आपल्या पेशीत घुसून आपलंच ट्रिप्टोफॅन खातात, ते संपवलं की त्यांची वाढ थांबते. दुसरं कारण उलट्या दिशेचं, ट्रिप्टोफॅन कमी आणि कायन्युरेनिन जास्त झालं की आपल्याच टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, शांत होतात, म्हणजे लढाई हाताबाहेर जात नाही. १९९८ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला, गाभण उंदरिणींमध्ये हे आयडीओ औषधानं बंद केलं तर आईच्या शरीरानं गर्भ परका समजून नाकारला. आणि कॅन्सर पण हीच युक्ती चोरतो, बरेच ट्यूमर आयडीओ चालू ठेवून टी-पेशींना थंड करतात. मग आयडीओ बंद करणारं औषध दिलं की कॅन्सर सापडला ना हातात? सगळ्यांना तसंच वाटलं होतं, एपॅकाडोस्टॅट नावाचं औषध मेलानोमाच्या (चामडीचा एक कॅन्सर) मोठ्या ट्रायलमध्ये गेलं आणि २०१८ मध्ये सपशेल आपटलं, नुसत्या इम्युनोथेरपीपेक्षा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधापेक्षा, काहीच जास्त फायदा नाही. कागदावर इतकं स्वच्छ दिसणारं गणित शरीरात सुटत नाही ते असं.

टीबी, एचआयव्ही, लांबलेला ताप, अशा सगळ्यांत रक्तात ट्रिप्टोफॅन खाली आणि कायन्युरेनिन वर दिसते. आणि कायन्युरेनिन मेंदूत जाऊ शकते, त्याच गर्दीच्या दारातून. आत गेल्यावर त्याला दोन फाटे आहेत. एका फाट्यावर कायन्युरेनिक ॲसिड होते, ते मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या जागेला, दाबते. दुसऱ्या फाट्यावर क्विनोलिनिक ॲसिड होते, ते त्याच रिसेप्टरला इतकं चेतवते की जास्त झालं तर पेशी मरतात. एचआयव्हीमुळं होणाऱ्या स्मृतिभ्रंशात मेंदूच्या पाण्यात क्विनोलिनिक वाढलेलं सापडलं आहे, स्किझोफ्रेनियात उलट कायन्युरेनिक वाढलेलं. म्हणजे एक चांगलं आणि एक वाईट असं पण नाही, तोल गेला की दोन्ही नडतात. हेपेटायटिस-सी ला आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, तेव्हा बऱ्याच पेशंटना चांगलंच डिप्रेशन यायचं, आणि त्यांच्या रक्तात हाच बदल दिसायचा. आजारी माणूस नुसता पडून राहतो, कोणाशी बोलायला नको, जेवायला नको, त्यामागं या केमिस्ट्रीचा हात असावा असं बरेच संशोधक मानतात.

मग डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिन कमी हे खरं का? इतकं सोपं नाही. धडधाकट माणसाला ट्रिप्टोफॅन सोडून बाकी सगळे अमिनो ॲसिड असलेलं पेय देऊन काही तास मेंदूतलं सेरोटोनिन कमी करता येते, तरी बहुतेकांचा मूड फारसा पडत नाही. पण जे डिप्रेशनमधून एसएसआरआय, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन जास्त वेळ टिकवणाऱ्या, गोळ्यांवर सावरले आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना तेवढ्यापुरतं परत खचल्यासारखं होते. २०२२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा निघाला, त्यात कमी सेरोटोनिनमुळं डिप्रेशन होते याला ठोस पुरावा दिसला नाही. यावरून गोळ्या फसव्या असा निष्कर्ष काढून स्वतःच्या मनानं बंद करू नका, पॅरासिटामॉलनं ताप उतरतो म्हणून काही ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेनं येत नसतो. गोळी एकदम बंद केली तर त्रास होतो, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू.

एक गोष्ट मात्र मला भारी वाटते. २०१४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी उंदरांमध्ये दाखवलं की व्यायामानं तयार झालेले स्नायू रक्तातल्या कायन्युरेनिनचं कायन्युरेनिक ॲसिड करून टाकतात, आणि हे मेंदूत शिरू शकत नाही. म्हणजे पायाचे स्नायू डोक्याकडे जाणारा माल वाटेतच वळवतात. व्यायाम केलेल्या माणसांच्या स्नायूंत पण तशी एन्झाइम वाढलेली सापडली. आता फुटाळा तलावावर चक्कर मारून वरून सावजीची प्लेट मारणाऱ्यांना किती फायदा, ते त्या उंदरांना विचारता येत नाही.

थोडं आतड्यातल्या जंतूंचं. जे ट्रिप्टोफॅन शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात बॅक्टेरियांना मिळते, त्यातून इंडोल बनते, स्कॅटोल बनते, संडासचा जो वास आहे तो बराचसा यांचाच. काही इंडोल आतड्याच्या अस्तराला चांगले असतात. पण इंडोल लिव्हरमध्ये गेलं की त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होते, किडनी चांगली असेल तर लघवीतून बाहेर, किडनी खराब असेल तर साठत जाते, रक्तवाहिन्यांना नडते, आणि अल्ब्युमिनला घट्ट चिकटून असल्यामुळं डायलिसिसमध्ये पण नीट निघत नाही.

राहिल्या त्या ऑनलाइन मिळणाऱ्या एल-ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीच्या (ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिनच्या मधली पायरी) डब्या. १९८९ मध्ये अमेरिकेत एका जपानी कंपनीच्या एल-ट्रिप्टोफॅनच्या मालामुळं स्नायूंचं भयंकर दुखणं आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढणं असा आजार पसरला, १५०० च्या वर लोक आजारी पडले, ३७ च्या आसपास मेले. बहुतेक संशय मालातल्या अशुद्धीवर गेला. पण आजची भीती मला वेगळीच वाटते. घरात कोणी डिप्रेशनची एसएसआरआय घेत असते, किंवा दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असते, किंवा औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड, आणि कोणीतरी चांगल्या मनानं त्यांना झोपेसाठी म्हणून ५-एचटीपी आणून देते. यातून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे घाम, थरथर, ताप, बेचैनी, नाडी धाडधाड, पाय आपोआप झटके मारणं. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तशीच गाडी काढा आणि जवळच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि जाताना पेशंट जे जे घेते ती सगळी पाकिटं, ती डबी पण, पिशवीत टाकून सोबत न्या, कारण रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच विचारावं लागते.